पंचाची भाषा

बास्केटबॉलच्या सामन्यात शिट्टी वाजली, की एका क्षणात सारे काही थांबते. धावणारे दहा खेळाडू थबकतात, घड्याळ थांबते, आणि मैदानावरील व मैदानाबाहेरील प्रत्येकाची दृष्टी पंचाकडे वळते. त्या क्षणी सर्वांच्या मनात तीनच प्रश्न असतात : काय घडले? कोणाकडून घडले? आता पुढे काय होणार? पंचाला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ठाऊक असतात. त्याशिवाय त्याने शिट्टी वाजविलीच नसती. परंतु ती उत्तरे त्याच्या मनातच राहिली, तर निर्णय पुरा झाला असे म्हणता येत नाही. न्यायाधीशाने निकाल मनाशी ठरविला, पण तो कोणास सांगितलाच नाही, तर पक्षकारांना त्याचा काय उपयोग? पंचाचेही तसेच आहे. त्याने जे पाहिले ते इतरांना निःसंदिग्धपणे कळविणे, हा त्याच्या कर्तव्याचा अर्धा भाग होय.

हा खेळ जन्माला आला तेव्हापासूनच ही गोष्ट त्याच्या नियमांत गोवलेली आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड या गावी, जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने आपल्या अठरा विद्यार्थ्यांसाठी हा नवा खेळ तयार केला. हिवाळ्यात बंद दालनात खेळता यावा, हा त्यामागील हेतू. दालनाच्या दोन टोकांना पीच फळांच्या टोपल्या टांगल्या, नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले, आणि फुटबॉलच्या चेंडूने खेळ सुरू झाला. नायस्मिथने त्यासाठी अवघे १३ नियम लिहिले होते. त्यांत दोन पंचांची योजना होती. एकाने खेळाडूंवर लक्ष ठेवावे, दुसऱ्याने चेंडूवर. पहिल्याने फाउलांची नोंद ठेवावी, आणि एखाद्या संघाकडून लागोपाठ तीन फाउल झाले, की ते दुसऱ्यास कळवावे, असे त्या नियमांत सांगितले होते. पाहणाऱ्याने पाहून गप्प बसावयाचे नाही, कळवावयाचे, ही शिस्त अशी आरंभापासूनच घालून दिलेली आहे.

आता प्रश्न असा, की कळवावयाचे कसे? तोंडाने सांगितले म्हणजे झाले, असे कोणास वाटेल. पण बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. प्रेक्षकांचा गलका चाललेला असतो. संघांचे मार्गदर्शक कडेने सूचना देत असतात. एका टोकाला उच्चारलेला शब्द दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचेलच याची शाश्वती नसते. शिवाय सर्वांची भाषा एक असतेच असे नाही. १८ जून १९३२ रोजी जिनिव्हा येथे आठ देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ स्थापन केला. आज त्यात दोनशेहून अधिक देशांच्या संघटना आहेत. इतक्या देशांच्या खेळाडूंना एकाच शब्दाने सांगणे कसे साधावे? म्हणून महासंघाच्या नियमपुस्तकात हातांच्या खुणांची एक ठरलेली भाषा दिलेली आहे. नागपूरच्या शाळेतील मुलीने पंच म्हणून केलेली खूण ब्राझीलच्या खेळाडूलाही समजते. कर्णबधिर खेळाडूंच्या डेफलिंपिक्स या जागतिक स्पर्धांतही बास्केटबॉल खेळला जातो. ज्यांच्या कानी शिट्टी पडत नाही, त्यांनाही उंचावलेला हात दिसतो.

या मूक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. तिचा पहिला शब्द म्हणजे वर गेलेला हात. शिट्टी वाजविताच पंच एक हात सरळ वर उचलतो. तो पाहून टेबलाशी बसलेला वेळाधिकारी घड्याळ थांबवितो. हाताचा पंजा उघडा असेल, तर केवळ नियमभंग झाला, असे समजावे. चेंडू घेऊन पावले टाकणे, चेंडू रेषेबाहेर जाणे, ही नियमभंगाची उदाहरणे होत. हाताची मूठ वळलेली असेल, तर फाउल झाला, असे समजावे. म्हणजे एका खेळाडूने दुसऱ्याला ढकलले, धरले किंवा त्याची वाट अयोग्य रीतीने अडविली. पंजा आणि मूठ यांतील हा एवढासा भेद. पण त्यावर पुढील सारा व्यवहार अवलंबून असतो. फाउल हा खेळाडूच्या नावावर लिहिला जातो, नियमभंग लिहिला जात नाही. अर्धवट मिटलेला, धड पंजा नाही आणि धड मूठही नाही असा हात वर केला, तर टेबलाशी बसलेल्यांनी काय समजावे?

हात वर गेल्यानंतर दुसरी खूण कारण सांगते. दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरविल्या, म्हणजे खेळाडूने चेंडू घेऊन पावले टाकली. बोटांनी खांद्याला स्पर्श केला, म्हणजे चोवीस सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकण्याची मर्यादा संपली. दोन्ही हात कमरेवर ठेवले, म्हणजे बचाव करणाऱ्याने वाट अयोग्य रीतीने अडविली. उघड्या तळव्यावर मूठ आपटली, म्हणजे चेंडू घेऊन येणारा बचाव करणाऱ्यावर आदळला. शेवटच्या दोन खुणा विशेष लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. दोन्ही प्रसंगी डोळ्यांना दिसते ती एकच टक्कर. दोन खेळाडू जमिनीवर पडतात, आणि दोन्ही संघांना आपणच निर्दोष आहोत असे वाटते. दोष कोणाचा, हे पंचाच्या हातांच्या खुणेनेच ठरते. खूण संदिग्ध राहिली, तर निर्णय अचूक असूनही अन्यायासारखा भासतो.

फाउल झाल्यावर पंचाला आणखी एक काम करावे लागते. त्याने टेबलापासून काही अंतरावर, जेथून आपण स्पष्ट दिसू अशा जागी जाऊन थांबावयाचे, आणि तीन गोष्टी याच क्रमाने सांगावयाच्या : प्रथम खेळाडूचा क्रमांक, मग फाउलाचा प्रकार, आणि शेवटी त्याचा परिणाम, म्हणजे किती मुक्तफेकी, किंवा चेंडू कोणत्या बाजूचा. वाक्यात जसा कर्ता, क्रिया आणि फल यांचा मेळ असावा लागतो, तसाच हा क्रम आहे. चालता चालता, पाठ फिरवून किंवा घाईने केलेल्या खुणा गुणलेखकाच्या ध्यानात येत नाहीत. शालेय सामन्यांत तर पुष्कळदा टेबलापाशी विद्यार्थीच बसलेले असतात. त्यांनी खूण पाहिली, ती लिहून घेतली, एवढी खात्री होईपर्यंत पंचाने आपला हात तसाच स्थिर ठेवावा.

क्रमांक दाखविण्याची रीतही ठरलेली आहे. एक ते पाच हे आकडे उजव्या हाताच्या बोटांनी दाखवितात. सहा ते दहा या आकड्यांसाठी उजव्या हाताची पाच बोटे आणि डाव्याची उरलेली बोटे उपयोगी पडतात. अकरा ते पंधरा या आकड्यांसाठी उजव्या हाताची मूठ वळतात आणि डाव्या हाताने एक ते पाच बोटे दाखवितात. सोळा आणि त्यापुढील आकडे दोन टप्प्यांत सांगतात. प्रथम हाताची मागची बाजू टेबलाकडे करून दशकाचा अंक, आणि मग तळहात टेबलाकडे करून एककाचा. चोवीस क्रमांक सांगावयाचा असेल, तर आधी पाठमोऱ्या हाताची दोन बोटे, आणि नंतर उघड्या तळव्याची चार. त्याच वेळी आकडा तोंडानेही स्पष्ट उच्चारावा. म्हणजे डोळा चुकला तरी कान सावध राहतो.

इतका काटेकोरपणा कशासाठी, हे एका उदाहरणाने समजेल. समजा, मुलींच्या आंतरशालेय सामन्याचा शेवटचा भाग चालू आहे. एका संघातील चौदा आणि पंधरा क्रमांकांच्या मुलींच्या नावावर प्रत्येकी चार फाउल आहेत. नियम असा, की पाचवा फाउल होताच खेळाडूने मैदान सोडावयाचे आणि त्या सामन्यात पुन्हा खेळावयाचे नाही. पाचवा फाउल घडतो तो चौदा क्रमांकाच्या मुलीकडून. पंचाने ते नीट पाहिले आहे. पण क्रमांक दाखविताना डाव्या हाताचा अंगठा आत मिटावयाचा राहून जातो. चार बोटांची पाच झाली, आणि चौदाचे पंधरा झाले! गुणलेखकाने जे पाहिले ते लिहिले. आता जिचा काही दोष नाही ती मुलगी खाली मान घालून बाहेर बसते, आणि जिच्याकडून फाउल झाला ती खेळत राहते. पंचाची दृष्टी चुकली नव्हती, त्याचे नियमांचे ज्ञान अपुरे नव्हते, त्याच्या मनात पक्षपातही नव्हता. चुकला तो एक अंगठा. पण ज्या मुलीला बाहेर जावे लागले, तिच्या दृष्टीने हा भेद कितीसा महत्त्वाचा असणार?

मैदान आणि टेबल यांच्यातील दुवा तुटला, तर मोठमोठ्या सामन्यांतही केवढा अनर्थ होतो, हे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकने दाखवून दिले. ९ सप्टेंबरच्या रात्री उशिरा सुरू झालेला अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील अंतिम सामना मध्यरात्र उलटल्यावर संपत आला. ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा समावेश झाला तो १९३६ साली. तेव्हापासून अमेरिकेचा संघ तेथे एकही सामना हरला नव्हता. तीन सेकंद उरले असता अमेरिकेच्या डग कॉलिन्सने दोन मुक्तफेकी यशस्वी केल्या, आणि अमेरिका ५० विरुद्ध ४९ अशी पुढे गेली. दुसरी मुक्तफेक चालू असतानाच टेबलावरून भोंगा वाजला. तरी खेळ चालूच राहिला. आम्ही विश्रांतीची वेळ मागितली होती, ती आम्हांला मिळाली नाही, अशी सोव्हिएत संघाच्या मार्गदर्शकांची तक्रार होती. एक सेकंद उरला असताना खेळ थांबविण्यात आला. महासंघाचे सरचिटणीस विल्यम जोन्स यांनी घड्याळ पुन्हा तीन सेकंदांवर आणावयास सांगितले. पण घड्याळ नीट लावून होण्यापूर्वीच चेंडू खेळात आला; लगेच भोंगा वाजला, आणि आपण जिंकलो असे समजून अमेरिकेचे खेळाडू आनंदाने नाचू लागले. तेव्हा तिसऱ्यांदा तेच तीन सेकंद खेळविण्यात आले. या वेळी इव्हान येदेश्कोने मैदानाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला चेंडू फेकला, अलेक्झांडर बेलोव्हने तो झेलून बास्केटमध्ये टाकला, आणि सोव्हिएत संघ ५१ विरुद्ध ५० असा विजयी झाला. अमेरिकेची तक्रार पाच जणांच्या समितीने तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळली. अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदके स्वीकारली नाहीत.

त्या रात्री न्याय कोणत्या बाजूला होता, याविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु एवढे निश्चित, की पंच, वेळाधिकारी आणि मार्गदर्शक यांना परस्परांचे म्हणणे वेळेवर कळले असते, तर तीन सेकंद तीनदा खेळण्याची पाळी आली नसती. खेळ पुन्हा सुरू करण्यापूर्वी टेबलाकडे एकदा पाहावे, तेथील सर्वजण सिद्ध आहेत ना याची खात्री करून घ्यावी, आणि मगच चेंडू खेळाडूच्या हाती द्यावा, हा साधा नियम या घटनेवरून प्रत्येक तरुण पंचाने मनावर कोरून ठेवावा.

शिट्टी हा या भाषेचा उद्गार होय. ती एकदाच, थोडा वेळ, पण जोरात वाजवावी. मिळमिळीत शिट्टी पंचाच्या मनातील शंका साऱ्या मैदानाला सांगते. आणि वारंवार, लांबलचक वाजविलेली शिट्टी त्याचा राग सांगते. पूर्वीच्या शिट्ट्यांत एक लहान गोळी असे. ती अडकली, की शिट्टी ऐन वेळी मुकी होई. कॅनडातील रॉन फॉक्सक्रॉफ्ट या पंचावर असा प्रसंग ओढवला होता. पुढे त्याने एका रचनाकाराच्या साहाय्याने गोळी नसलेली शिट्टी तयार करविली. १९८७ मध्ये ती बाजारात आली आणि जगभर पसरली. आपला शब्द वेळेवर पोहोचावा म्हणून एका पंचाने किती खटाटोप केला, याचे हे बोलके उदाहरण आहे.

खुणा आणि शिट्टी यांच्या जोडीला थोडे बोलणेही लागते; विशेषतः मुलांच्या सामन्यांत. लहान खेळाडू पुष्कळदा खोडसाळपणाने चुकत नाही. नियम ठाऊक नसल्यामुळे चुकतो. ‘हात मागे घे’, ‘त्या चौकोनातून बाहेर ये’, असे दोन शब्द वेळीच बोलले, तर पुष्कळ फाउल घडण्यापूर्वीच टळतात. शिट्टी वाजल्यावर गोंधळलेल्या मुलाला ‘चेंडू हातात घेऊन तू जास्त पावले टाकलीस’ एवढे सांगितले, तर तो पुढच्या वेळी सावध होतो. मात्र हे बोलणे थोडक्यात आणि शांत स्वरात असावे. खेळाडूच्या तोंडासमोर बोट नाचविणे, त्याच्या चुकीची नक्कल करून हसे करणे, हे पंचाला शोभत नाही. कर्णधाराने विनयाने प्रश्न विचारला, तर एका वाक्यात उत्तर द्यावे. कोणी रागाने ओरडू लागला, तर पंचाने आपला आवाज चढवू नये. एकाचा आवाज खाली राहिला, तर दुसऱ्याचाही हळूहळू खाली येतो.

आपल्या सहकारी पंचाशी बोलणे, हाही या विद्येचाच भाग आहे. सामन्यापूर्वी दोघांनी बसून मैदानाचा कोणता भाग कोणी पाहावा, दोघांच्या शिट्ट्या एकदम वाजल्या तर निर्णय कोणी द्यावा, हे ठरवून ठेवावे. चेंडू कोणाला लागून बाहेर गेला, हे आपणास नीट दिसले नसेल, तर अंदाजाने बाजू दाखवू नये. सहकाऱ्याकडे पाहावे, त्याला विचारावे. दोघांनी दोन दिशांना हात दाखविले, तर दोघांवरचाही विश्वास उडतो. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता चुकीचे सांगण्यात मात्र आहे.

हे कौशल्य कोणालाही जन्मतः लाभत नाही. ते सरावाने येते. नवखा पंच आरशासमोर उभा राहून खुणा करू लागला, तर त्याला स्वतःचे दोष सहज दिसतात : कोपर वाकलेले आहे, बोटे चिकटलेली आहेत, हात क्षणात खाली येतो आहे. एखादा मित्र दहा पावलांवर उभा करावा, त्याला क्रमांक खुणांनी सांगावेत, आणि त्याने ते कागदावर लिहावेत. शेवटी ताळा पाहिला, की किती शब्द पोहोचले आणि किती वाटेत हरवले, हे उघड होते. आपल्या सामन्याचे चित्रण पाहणे, अनुभवी पंचाजवळ बसून त्याच्या हातांकडे लक्ष देणे, हेही उत्तम उपाय होत. धावपळीत आणि गलक्यातही हात आपोआप योग्य जागी जाऊ लागला, म्हणजे पंचाचे मन खेळ पाहण्यास मोकळे होते.

पंचाच्या हाती पुष्कळ अधिकार असतो. त्याच्या एका खुणेने गुण मिळतात, खेळाडू बाहेर जातात, सामन्याचे पारडे फिरते. एवढा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याने प्रत्येक निर्णय सर्वांना दिसेल आणि समजेल अशा रीतीने दिला पाहिजे. हरलेल्या संघातील मुलगाही घरी जाताना म्हणाला, ‘निर्णय आमच्याविरुद्ध गेला, पण तो का गेला, हे आम्हांला कळले’, तर पंचाने आपले काम चोख केले, असे खुशाल समजावे.

स्वाध्याय

१. शिट्टी वाजल्यावर सर्वांच्या मनात कोणते तीन प्रश्न उभे राहतात? त्यांची उत्तरे पंच कशी देतो?
२. उघडा पंजा आणि वळलेली मूठ यांच्या अर्थांत कोणता भेद आहे?
३. ‘चुकला तो एक अंगठा.’ या वाक्याचा संदर्भ देऊन स्पष्टीकरण करा.
४. म्युनिक येथील अंतिम सामन्यावरून तरुण पंचाने कोणता बोध घ्यावा?
५. ‘विचारण्यात कमीपणा नाही, न विचारता चुकीचे सांगण्यात मात्र आहे.’ हा विचार आपल्या अनुभवातील उदाहरणाने आठ ओळींत विशद करा.
६. वर्गात दोघांच्या जोड्या करा. एकाने दहा क्रमांक केवळ खुणांनी सांगावेत. दुसऱ्याने ते लिहावेत. किती क्रमांक बरोबर आले ते पाहा, आणि चुकलेले का चुकले याची चर्चा करा.